थंडीत नव्या गाडीच्या सस्पेन्शनचा आवाज: ‘नॉर्मल आहे’ हे कधी मान्य करायचं आणि कधी नाही

प्रश्न धुळ्याहून आला आहे. थोडक्यात असा: कॉम्पॅक्ट एसयूव्ही, डिझेल, घेऊन आठ महिने झाले, साडेनऊ हजार किलोमीटर चालली. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सातला गाडी बाहेर काढली की गतिरोधकावर पुढून ‘कुईं-कुईं’ येतं, मध्येच कधी ‘टक’ असंही वाजतं. दहा-साडेदहानंतर कुईं बंद. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली. पहिल्यांदा ‘थंडीने होतं, नॉर्मल आहे’ असं सांगितलं, दुसऱ्यांदा खालून कसला तरी स्प्रे मारला आणि आठवड्यात आवाज परत आला. जानेवारीअखेर घरच्यांना घेऊन मनालीला जायचं आहे, तर ही गाडी न्यावी का?

भाऊ, तुम्ही एक तक्रार म्हणून लिहिलेले आवाज दोन आहेत. कुईं वेगळा, टक वेगळा. सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्याला, दोन्ही एका दमात सांगितले गेले आणि त्यानेही एकाच उत्तरात दोन्ही निकाली काढले. कुईंबद्दल त्याचं म्हणणं अर्धं खरं असू शकतं, टकबद्दल मुळीच नाही. शिवाय तुम्ही गाडी नेता तेव्हा अकरा वाजलेले असतात, ऊन वर आलेलं असतं, गाडी गावातून चालून तापलेली असते. म्हणजे आवाज करणारी गाडी मेकॅनिकने अजून पाहिलेलीच नाही. पार्ट कोणता खराब आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

बरंच काही गाडीवर आणि वापरावर ठरतं. मॉडेल कोणतं, रात्री ती उघड्यावर असते की शेडमध्ये, रोजचा रस्ता डांबरी की शेताचा, यावर उत्तर बदलतं. म्हणून अमुक पार्ट बदला असं इथून सांगण्यापेक्षा तो पार्ट कसा पकडायचा ते सांगतो.

आधी कुईं. पुढच्या सस्पेन्शनमध्ये रबर भरपूर असतं: लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडातली रबरं, स्टॅबिलायझर बारला (दोन्ही चाकांना जोडून वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांडीला) धरून ठेवणारे दोन डी-बुश, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग, स्प्रिंगच्या टोकांचे पॅड. थंडीत हे सगळं कडक होतं. आपली थंडी मनालीची नव्हे, पण धुळ्यात पहाटे पारा एक आकड्यावर येतो, आणि मेमध्ये याच रबराने ४४-४५ अंशांची हवा आणि त्याहून तापलेलं डांबर सोसलेलं असतं. उष्णता रबराला कायमचं टणक करत जाते, थंडी त्यात सकाळपुरती भर घालते.

यात पहिला संशयित डी-बुश. बऱ्याच गाड्यांत स्टॅबिलायझर बार या बुशच्या भोकात नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो. चाक वर-खाली झालं की बार भोकात काही अंश फिरतो. रबर मऊ असेल तोवर ते बारबरोबर थोडं पिळतं आणि मुकाट्याने परत येतं. रबर कडक आणि कोरडं असेल तर बार अडकतो, एकदम सुटतो, पुन्हा अडकतो. हे सेकंदात शेकडो वेळा घडतं, त्याचीच ती कुईं. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरचा चिखल बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत शिरतो, दिवाळीनंतर वाळतो आणि त्याची बारीक पूड बारवर घासत राहते. गाडी चार-पाच किलोमीटर चालली की रबर हलून आतून थोडं तापतं, नंतर ऊनही येतं, आवाज थांबतो. हा आवाज डोकं उठवतो, पण त्याने चाक निखळत नाही. तरी नव्या गाडीत तो काढता येण्यासारखा असतो. वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी ‘नॉर्मल’ हा शब्द त्यावर पुरेसा नाही.

आता टक. नुसत्या कडक रबरातून टक येत नाही. टक म्हणजे दोन कठीण भागांमध्ये फट आहे आणि ती फट आदळून भरते आहे. लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारचं टोक चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) बॉल जॉइंट, लिंकचा कमी आवळलेला नट, स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र खांबाचा) वरचा नट, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, सबफ्रेमचा (लोअर आर्म ज्यावर बसतात त्या चौकटीचा) बोल्ट, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये हलणारे पॅड, यांपैकी काहीही असू शकतं. सकाळी ऐकू येतो कारण कडक बुश धक्का कमी गिळतात आणि दुपारी दबून राहणारा ढिलेपणा तेव्हा उघडा पडतो. इथे थंडीमुळे दोष ऐकू येतो, दोष थंडीने झालेला नसतो. साडेनऊ हजार किलोमीटरला हा आवाज कोणी नॉर्मल म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

घरी करता येईल अशी तपासणी पहाटेच करा, गाडी जागेवरून हलवण्याआधी. इंजिन बंद, गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने पुढच्या मडगार्डवर, बोनेटच्या कडेजवळ दोन्ही हातांनी वजन टाकून गाडी लयीत दाबायची आणि सोडायची. पत्र्याच्या मधोमध दाबू नका, खड्डा पडतो. दुसऱ्याने चाकाच्या कमानीजवळ कान लावायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी करून बघा. कुईं अशी उभ्या गाडीतच निघाली तर अर्धं काम झालं. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या आणि एका वेळी एकाच बुशवर मारा. आधी डावा डी-बुश, दाबून ऐका. मग उजवा. मग लोअर आर्मचा मागचा बुश. ज्यावर पाणी पडताच आवाज मेला, तो तुमचा बुश. सगळीकडे एकदम मारलं तर आवाज जाईल, पण कळणार काहीच नाही. तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा हेच झालं. पाना-जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरायचं नाही. हात पोचत नसेल तर पिटवर किंवा रॅम्पवरच बघा, आणि दाबताना बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांपासून लांब ठेवा.

टकसाठी गाडी चालवावी लागेल. १०-१५ च्या वेगात, काचा खाली करून, रेडिओ आणि पंखा बंद. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून एकदा सरळ जा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील. मग एकाच बाजूचं चाक छोट्या खड्ड्यातून न्या. सरळ जाताना गप्प आणि एका चाकाच्या खड्ड्यात टक, असं असेल तर संशय लिंक रॉडवर, कारण दोन्ही चाकं एकत्र हलली की लिंकवर फारसा ताणच येत नाही. दुसरी चाचणी: त्याच खड्ड्यावरून जाताना डाव्या पायाने नव्हे, नेहमीच्याच पायाने ब्रेक हलका दाबून ठेवा. टक गायब झाला तर सस्पेन्शन सोडून कॅलिपर आणि पॅड बघायला सांगा. तिसरी: गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकत आहे.

लिंक रॉड तपासताना वर्कशॉपमध्ये एक चूक सर्रास होते. एकच चाक जॅकवर उचलतात आणि लिंक हाताने हलवून बघतात. एक चाक वर आणि एक खाली असलं की बार पिळलेला राहतो, लिंक ताणाखाली असते आणि ढिला जॉइंटही घट्ट लागतो. दोन्ही पुढची चाकं सारखी लटकत असली पाहिजेत किंवा दोन्ही सारखी टेकलेली. खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, बांधून ठेवून, वर्कशॉपच्या आवारात हळू फेरी मारायची. आवाज गेला तर तो बार, डी-बुश किंवा लिंक यांतच आहे. अशी गाडी मोठ्या रस्त्यावर काढायची नाही, वळणावर ती जास्त कलते.

काही आवाज सस्पेन्शनचे वाटतात पण असतात दुसरीकडचे, तेही बाजूला काढा. दवाच्या रात्रीनंतर डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, पहिल्या काही ब्रेकना खरखर होते आणि थांबते. संध्याकाळी गाडी धुऊन हँडब्रेक ओढून ठेवली तर सकाळी निघताना मागे एकदा ‘खट’ होतं, लायनर ड्रमला चिकटलेले असतात. तिरकं चढताना बॉडी किंचित पिळते आणि दरवाजाचं किंवा डिकीचं रबर कुरकुरतं. हे फार फसवं असतं. दरवाजाची रबरं पुसून त्यांवर सिलिकॉन स्प्रे कापडाने लावा, फरक पडला तर खाली काही शोधायची गरज नाही. आणि शॉकअपमधलं तेल थंडीत घट्ट असल्याने पहिला एक-दोन किलोमीटर गाडी टणक चालते, हलकी ‘फस-फस’ येते, ते खरोखर नॉर्मल. शॉकअपच्या दांड्याजवळ तेलाची पुसट ओल चालते, पण तेल ओघळून खालच्या स्प्रिंगच्या बशीपर्यंत आलं असेल तर शॉकअप वॉरंटीत बदलून घ्या.

टायरमधली हवा पहाटे, थंड टायरला मोजा. दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटे ८ अंशांत साडेएकोणतीसच्या आसपास दाखवतो. उलट नवी गाडी कारखान्यातून डीलरकडे येते तेव्हा टायरमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते, डिलिव्हरीआधी ती उतरवायची असते आणि ते राहून गेलं तर गाडी प्रत्येक खड्डा आत पोचवते. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा हा थंड टायरचा आकडा असतो.

आता सर्व्हिस सेंटर. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन द्या आणि रात्रभर उघड्यावर, शेडबाहेर उभी ठेवायला सांगा. अपॉइंटमेंट पहिली घ्या. सकाळी गाडी कोणी हलवण्याआधी तुम्ही तिथे असा, आणि ॲडव्हायझरला नव्हे तर टेक्निशियनला किंवा फ्लोअर सुपरवायझरला शेजारी बसवून फेरी मारा. धुळ्यात-जळगावात वर्कशॉप उघडेपर्यंत नऊ वाजतात, तेव्हाही उघड्यावरची गाडी पुरेशी गार असते. फार वेळ इंजिन चालू ठेवू नका, गाडी धुवायला तर मुळीच देऊ नका. पाणी बसलं की कुईं चार तास गप्प होते आणि ‘आवाज मिळाला नाही’ अशी नोंद पडते.

जॉब कार्डवर ‘सस्पेन्शन आवाज’ एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. असं लिहून घ्या, बाजू आणि तपशील तुमच्या तपासणीत निघतील ते: ‘रात्रभर उघड्यावर उभी असताना सकाळी ७ ते ९, वेग १० ते २०, गतिरोधकावरून उतरताना पुढे डाव्या बाजूने कुईं, ४-५ किमीनंतर बंद. वेगळी तक्रार: डाव्या चाकाच्या खड्ड्यात टक, गाडी तापल्यावरही अधूनमधून. ही तिसरी भेट.’ दोन तक्रारी दोन ओळींत. मागच्या दोन भेटींच्या जॉब कार्डचे नंबर त्यात यायला हवेत. काम झाल्यावर काय केलं ते लेखी घ्या: कोणता बुश, पार्ट नंबर काय, कोणता बोल्ट आवळला. ‘चेक केलं, ओके’ एवढ्यावर सही करू नका.

तीन प्रश्न आवर्जून विचारा. या मॉडेलसाठी कंपनीने सुधारित बुश किंवा दुरुस्तीची सूचना काढली आहे का? कंपन्या अशा सूचना डीलरला पाठवत असतात, पण तक्रार नेमकी नोंदली नाही तर त्या कोणी उघडून बघत नाही. दुसरा: याच मॉडेलची दुसरी गाडी रात्रभर बाहेर असेल तर तिच्यातही आवाज येतो का, ते आपण दोघं मिळून ऐकू या का? ‘सगळ्यांना येतो’ असं म्हणणाऱ्यासाठी हा रास्त प्रश्न आहे. तिसरा, लोअर आर्म काढला-बसवला असेल तर: बोल्टचा शेवटचा ताण गाडीचं वजन चाकांवर असताना दिला का?

हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लटकत्या स्थितीला मोकळं राहतं, आणि गाडी जमिनीवर टेकली की ते कायमचं पिळलेलं. मग थंडीत करकरतं आणि लवकर फाटतं. योग्य पद्धत अशी: बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी वजनावर आणायची, दोन-तीनदा दाबून बसवायची, आणि मग त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळायचे. लोअर आर्मचे किंवा स्ट्रट चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडणारे बोल्ट सोडले तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. नुसता डी-बुश किंवा लिंक रॉड बदलला तर सहसा अलाइनमेंट लागत नाही, त्याचं बिल लावत असतील तर कारण विचारा.

डी-बुशच असेल तर काम सोपं आहे. ब्रॅकेट सोडायचे, बुश काढायचा, बारवरची माती आणि गंज कापडाने पूर्ण पुसायचा, बुशच्या आत भेगा किंवा चकाकी आली असेल तर जोडीने नवे घालायचे. वंगण लावायचंच असेल आणि कंपनीच्या पद्धतीत ते बसत असेल तर फक्त सिलिकॉन ग्रीस, पातळ थर. साधं पिवळं-काळं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही नको. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं, भोक सैल होतं आणि दोन महिन्यांनी कुईंच्या जागी खडखड सुरू होते. आपल्याकडे गंज नको म्हणून पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. नव्या गाडीला ते कृपा करून करू नका. त्यावर धूळही बसते आणि रबरही मरतं. डीलरने डिलिव्हरीला अंडरबॉडी कोटिंग विकलं असेल तर ते बुशवर उडालं आहे का तेही बघा, झाकून न मारता केलेलं कोटिंग बुशवर वाळतं आणि कडाकडा वाजतं.

वॉरंटीचं पुस्तक उघडून दोन कलमं वाचा. रबरी भागांना किती काळ संरक्षण आहे, आणि ‘कामावर परिणाम न करणारा आवाज व कंपन’ वगळलेलं आहे का. काही कंपन्यांच्या पुस्तकात असं कलम असतं आणि कुईंसाठी तेच पुढे केलं जातं. टकला ते लागू होत नाही, कारण तिथे ढिला पार्ट आहे, आणि म्हणूनच दोन तक्रारी वेगळ्या लिहायच्या. मोफत सर्व्हिस म्हणजे मजुरी मोफत, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. पण वॉरंटीच्या दुरुस्तीत पार्ट आणि मजुरी दोन्ही कंपनीची. तिसऱ्या भेटीतही निकाल लागला नाही तर जॉब कार्ड आणि व्हिडिओ जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, कंपनीचा एरिया सर्व्हिस इंजिनिअर येतो त्या दिवसाची वेळ मागा. तेवढ्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. निव्वळ कुईंसाठी तिथवर जाऊ नका, वेळ जाईल.

मनालीबद्दल. कुईं असताना गाडी नेली तरी चालेल, तिथे ती जास्त वाजेल एवढंच. टकचं कारण सापडल्याशिवाय मात्र घाटात नेऊ नका. बॉल जॉइंट आणि लिंकची तपासणी निघण्याच्या किमान आठवडाभर आधी संपवा, म्हणजे दुरुस्तीनंतर कन्नड घाटात एक फेरी मारून ऐकता येईल.

तिथली खरी काळजी सस्पेन्शनपेक्षा द्रवांची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतलं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, कूलंट ३० टक्क्यांवर आलं की ही मर्यादा उणे १५ च्या जवळ येते. रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. डिझेलचं भारतीय मानक हिवाळ्यातही प्रवाहबिंदू (ज्याखाली डिझेल थिजून वाहायचं थांबतं ते तापमान) ३ अंशांपर्यंत चालवून घेतं, म्हणजे इथली टाकी फुल्ल करून वर जायचं नाही. टाकी कमी ठेवून वरच्या भागातल्या पंपावर भरा, तिथल्या थंडीचा विचार त्या पुरवठ्यात असण्याची शक्यता जास्त, पण पंपावर विचारून घ्या. वायपरच्या बाटलीत साधं पाणी नको, ते गोठून पंप फोडतं. अटल बोगद्यापलीकडे किंवा बर्फात मुक्काम असेल तर रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा, ओल्या केबल आणि लायनर गोठतात. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याच्या मॅन्युअलप्रमाणे करा. बर्फातून निघाल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिमच्या आत अडकलेला बर्फ काढा, बॅलन्सिंगवाल्याकडे धावू नका. परत आल्यावर खालून साध्या पाण्याने नीट धुऊन घ्या.

पहाटेची दाबून ऐकायची तपासणी झाली की गाडीचं मॉडेल, कोणत्या बुशवर पाणी मारल्यावर कुईं थांबली, आणि ब्रेक दाबल्यावर टक राहतो की जातो, एवढं कळवा. या तीन गोष्टी कळल्या की जॉब कार्डवर नेमका कोणता पार्ट लिहून मागायचा ते सांगता येईल.